तुलनेचा गट

३ जानेवारी, सोमवार. सकाळी, चहा झाल्यावर.

आजपासून रोज लिहायचं. वही नातीच्या शाळेतली आहे. पुढच्या पानांवर बेडकाचं पोट उघडलेलं चित्र आहे, म्हणून मी मागून सुरुवात करतेय. माझं शिक्षण चौथी. पण अक्षर मोत्यासारखं, असं मास्तर म्हणायचे. थोरली सातवी शिकली, आणि तिचं अक्षर बघाल तर शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेलीय.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. शेजारच्याच घरात राहते, भिंतीला भिंत. दोघींचे नवरे गेले. आता आम्हाला एकमेकींशिवाय कोण आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही हे आधीच लिहून ठेवते.

नात डॉक्टर होणार आहे. इंजेक्शनवाली नाही, व्यायामाची. तिला सत्तरीच्या पुढच्या चाळीस बायका हव्यात. पूर्वी म्हणे म्हाताऱ्यांना सांगायचे, जरा फिरा, जपून फिरा आणि मग बसा. आता नवीन संशोधन असं की सत्तरीतसुद्धा वजन उचललं, आणि हळूहळू वाढवत नेलं, तर हातापायात मांस भरतं, माणूस पडत नाही. नात बोलत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. काय बोलते पोरगी! मी तिला अंघोळ घातलीय.

पहिलं नाव माझंच लिहिलं तिने. दुसरं थोरलीचं. तिला न विचारता मी मागे लागले म्हणून घेतलं, हे तिने विसरू नये.

७ जानेवारी, शुक्रवार.

परीक्षा झाली. नातीच्या कॉलेजात मोठा हॉल आहे, पॉलिशचा वास येतो. हाताची घडी छातीवर घालून खुर्चीतून उठायचं, बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा ते मोजतात. मी नऊ. थोरली अकरा.

खुर्ची माझ्या वेळी खाली गेली होती.

मग एक यंत्र मुठीत दाबायचं. मी सतरा किलो, थोरली एकोणीस. तिचे हात मोठे आहेत, त्यात तिचं काय कौतुक. शिवाय मी सकाळी दोन बादल्या कपडे पिळले होते. (सूनबाई म्हणाली मशीन पिळतं. मशीनमधून काढतं कोण?)

१० जानेवारी, सोमवार.

कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्या. वीस बायका वजन उचलणार. वीस बायका बुधवारी येऊन नुसतं अंग ताणणार, बाकी रोजचं जगणं जसं आहे तसं ठेवणार. त्याला म्हणतात तुलनेचा गट.

मी तुलनेच्या गटात. थोरली वजनाच्या.

नातीने समजावलं की कॉम्प्युटर कुणाचं तोंड बघत नाही, आणि बारा आठवडे संपले की आम्हालाही वजनं शिकवणार आहेत, तोवर फक्त घरी वेगळं काही करायचं नाही. "आजी, एवढं माझ्यासाठी कर." मी म्हटलं, तुझ्यासाठी मी काय नाही केलं?

मी विचार केला आणि मला उलगडलं. ज्यांना व्यायामाची गरज आहे त्यांना वजनाच्या गटात घातलं. ज्या आधीच ठणठणीत आहेत त्यांच्याशी त्यांची तुलना करायची. नात तोंडावर बोलणार नाही, थोरलीला वाईट वाटेल म्हणून.

१४ जानेवारी, शुक्रवार. दुपार.

मंगळवार आणि शुक्रवार वजनवाल्या बायकांचे. मी सहज हॉलवरून जात होते. (दोन बस बदलून.) दाराला काच आहे. नात थोरलीच्या मागे उभी, दोन्ही हात तिच्या कमरेपाशी धरलेले, पडू नये म्हणून. थोरली हातात लोखंड घेऊन खुर्चीतून उठतेय. नात मोठ्याने म्हणाली, "वा, मोठी आजी! क्या बात है!"

क्या बात है.

मी तिला तापात सात रात्री मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा थोरली कुठे होती? माहेरी. मला काही वाटलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते पॉलिशचं.

२१ जानेवारी, शुक्रवार.

थोरली संध्याकाळी येऊन बसते आणि आज काय काय केलं ते सांगते. मी विचारत नाही. नुसतं म्हणते, मग आज? ती करूनच दाखवते. असं उठायचं, मोजत उठायचं, त्याहून हळू बसायचं, श्वास धरायचा नाही. पायाच्या बोटांवर उभं राहायचं ओट्याला धरून. शेवटच्या दोन वेळा जड गेलं पाहिजे, सहज जमलं तर वजन वाढवायचं. आठ ते दहा वेळा, मग थांबायचं, मग परत.

इतकं आपलंच कौतुक सांगायला लागतं काही माणसांना.

मी लक्ष दिलं नाही. आठ ते दहा. तीनदा.

२५ जानेवारी, मंगळवार.

कॉफीच्या बरणीचं झाकण बसलं होतं. मी फडकं लावलं, गरम पाणी लावलं, दारात घालून फिरवलं. सूनबाई म्हणाली यांना येऊ दे. इतक्यात थोरली आली, बरणी उचलली, बोलता बोलता फिरवली, आणि "अगं, हे सैलच होतं" म्हणून ओट्यावर ठेवली. बसलीसुद्धा नाही. गेली.

रात्रभर बरणी डोळ्यांसमोर.

२६ जानेवारी, बुधवार. सकाळी साडेसहा.

ठरलं. रोजचं जगणं जसं आहे तसं ठेवायचं, हे नातीचं म्हणणं मी मोडत नाही. घरातल्या वस्तू उचलणं हे रोजचंच जगणं आहे. कपड्यांच्या साबणाची निळी बाटली दोन किलोची. दोन बाटल्या घेतल्या, खुर्ची घेतली. खोलीचं दार लावलं.

सहा वेळा झालं.

त्याच दिवशी. दुपार.

एक बाटली सुटली. पायावर नाही, शेजारी पडली. झाकण उडालं. सूनबाईला सांगितलं की फरशी पुसत होते. ती म्हणाली एवढ्या साबणात अख्खी इमारत धुऊन निघेल. पाच वेळा पुसलं तरी फेस. तेही धरलं तर आजचा व्यायाम चांगला झाला.

२ फेब्रुवारी, बुधवार.

आज अंग ताणायचा वर्ग. आमच्या गटात एक मास्तरीणबाई आहेत, रिटायर झालेल्या, आणि एक शिवणवाली, जिच्या गुडघ्यातून दारासारखा आवाज येतो. ताणून ताणून शिवणवाली कंटाळली. म्हणाली त्या वजनवाल्यांची मजा आहे, आपण म्हणजे वाळत घातलेले कपडे. मला दया आली. मी फक्त तिला एकटीला बाटलीचं सांगितलं.

नातीचा कागद असतो, रोज संध्याकाळी खूण करायची, "आज नेहमीपेक्षा वेगळं काही केलं का?" मी "नाही" वर खूण करते. मी हे रोज करतेय, म्हणजे नेहमीचंच झालं ना.

९ फेब्रुवारी, बुधवार.

शिवणवालीने मास्तरीणबाईंना सांगितलं. बाईच्या पोटात काही राहात नाही. आता तिघी. आमच्या इमारतीत खाली सायकली ठेवायची खोली आहे, तिथे जमतो. खिडकी अंगणाकडे, उजेड छान. सूनबाईला सांगते की फिरायला जाते.

मी शिकवते. मास्तरीणबाईंनी चाळीस वर्षं शिकवलं, पण आता माझ्यासमोर खुर्चीत बसतात आणि विचारतात, बरोबर का हो? मी म्हणते, पाठ सरळ. थोरलीला असं कुणी विचारतं का? ती तिथे शिष्यच.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार.

सात जणी झाल्या.

थोरली आज तीन मजले बाजारच्या पिशव्या घेऊन चढली आणि मधल्या वळणावर थांबली नाही. तिथे मी थांबले होते. दृश्य बघत. ती "येतेस का?" म्हणाली. खोचक.

चार किलोची एकेक बाटली करायची. पाण्याचे दोन कॅन आणले.

१ मार्च, मंगळवार.

अकरा. खोलीत सायकली बाहेर काढून ठेवाव्या लागतात. ते काढणं हाही व्यायाम आहे असं मी सांगितलं, सगळ्यांना पटलं. हसतो किती! शिवणवाली उठताना गुडघा वाजतो, आणि सगळ्या मिळून म्हणतात, कोण आलं? आज मास्तरीणबाई इतक्या हसल्या की खाली बसल्या, आणि हात न लावता उठल्या. त्यांच्याच लक्षात आलं नाही. मी दाखवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, म्हणाल्या.

हे थोरलीला कळायला हवं होतं. पण सांगता येत नाही.

नातीने थोरलीचा फोटो काढला, दंड दाखवताना. भिंतीवर लावणार आहेत. कसला दंड? कातडंच.

१५ मार्च, मंगळवार.

सोळा. आमच्या गटातल्या वीस जणींत मी धरून सतरा झाल्या. उरलेल्या तिघींपैकी एक गावाला आहे, एकीला ऐकू येत नाही आणि एक फार सरळ आहे.

माझं: चार किलोच्या दोन बाटल्या, दहा वेळा, तीनदा. थोरलीचं (तिनेच सांगितलं): पाच किलोचे दोन डंबेल, दहा वेळा, तीनदा. आता एकाच किलोचा फरक उरलाय.

नात हल्ली फार थकते. जेवताना म्हणाली, "आजी, या आकड्यांवर माझं सगळं आहे. दोन वर्षं गेली यात." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनात म्हटलं, बघच तू, तुझी आजी असा आकडा देईल की मॅडम खुर्चीतून पडतील. मॅडम म्हणजे तिच्या वरच्या. हसत नाहीत.

४ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी.

शेवटची परीक्षा!

थोरली: खुर्ची पंधरा. मूठ बावीस.

मी: खुर्ची सोळा! मूठ बावीस! (साडेबावीस होती, काटा हलत होता.)

सोळा सोळा सोळा. नातीने पुन्हा घ्यायला लावलं. परत सोळा. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी थोरलीकडे बघितलं नाही. एकदाच बघितलं. ती खाली बघून बुटाची नाडी बांधत होती. बांधलेलीच होती.

मास्तरीणबाई तेरा, शिवणवाली चौदा. एकेक जण आली आणि माझ्या बायकांनी हॉल दणाणून सोडला. उठताना शिवणवालीचा गुडघा वाजला तेव्हा आम्ही कुणी बोललो नाही, पण सगळ्यांचे खांदे हलत होते.

आजच्यासारखा दिवस मी लग्नातसुद्धा बघितला नाही. लग्नात थोरली आधी आलेली होतीच घरात.

६ एप्रिल, बुधवार.

नात सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून आहे. मी म्हटलं, एवढा चांगला निकाल लागला, हस की. ती म्हणाली, "आजी, वजन उचलणाऱ्या सरासरी चारने वाढल्या. काहीच न करणाऱ्यासुद्धा चारने वाढल्या. फरक शून्य. म्हणजे माझ्या अभ्यासाप्रमाणे वजन उचलून काहीही होत नाही."

मी म्हटलं, असं कसं, होतं की.

ती म्हणाली, जगभर होतं, फक्त माझ्याच हॉलमध्ये होत नाही. मॅडमनी विचारलं की तू मोजलंस तरी नीट का?

मी आत आले. चष्मा पुसला. परत पुसला.

७ एप्रिल, गुरुवार. सकाळी आठ.

नातीने शिंकसुद्धा दिली तर मला कळतं, आणि हे इतके दिवस मला कळलं नाही. काल मला वाटत होतं की मी नंबर काढला. पण परीक्षा आमची नव्हतीच. परीक्षा वजनाची होती, आणि आम्ही कोऱ्या राहायचं होतं, म्हणजे त्या बायकांचा फरक दिसला असता. एवढी साधी गोष्ट तिने मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत होते.

सांगायचं. आजच. चहा देताना सांगायचं.

त्याच दिवशी. दुपार.

चहा दिला. बिस्किटांचं बोलले.

८ एप्रिल, शुक्रवार.

सांगितलं. बाटल्या, सायकलींची खोली, सतरा जणी, सगळं. नात उभी होती ती बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "का, आजी?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, कॉफीची बरणी. तिला कळलं नाही. कसं कळणार.

तिचं एक वर्ष गेलं. नव्या चाळीस बायका आणायच्या, परत पहिल्यापासून. नाहीतर, तिने मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या तसा एकच उपाय: कोण कधीपासून आली, किती वजन, किती वेळा, हे प्रत्येकीचं कळलं तर हे आकडे निदान दुसऱ्या कशाला तरी वापरता येतील. घरच्या घरी, यंत्राशिवाय, बायकाबायकांनी केलं तर काय होतं, असं काहीतरी. तिने विचारलं, "आजी, लिहून ठेवलंयस का कुठे?"

मी म्हटलं, हो तर! रोज लिहिते.

ही वही चाळली. माझे आकडे आहेत. थोरलीचे आहेत, पहिल्या दिवसापासूनचे, एक चुकलेला नाही. मास्तरीणबाई किती किलो उचलायच्या? शिवणवाली कुठल्या तारखेला चार किलोवर गेली? काही नाही. "हसतो किती" एवढंच आहे.

दाखवली नाही. सापडत नाही म्हटलं.

१० एप्रिल, रविवार.

बायकांना विचारत फिरले. कुणी म्हणते फेब्रुवारी, कुणी म्हणते थंडी होती तेव्हा. मास्तरीणबाई म्हणाल्या, मी चार किलो. शिवणवाली म्हणाली, छे, तुम्ही तीन, चार मी. दोघी भांडल्या. नातीने लिहून घेतलेलं सगळं फाडलं.

१२ एप्रिल, मंगळवार. रात्री.

थोरली सकाळी आली. हातात भिंतीवरचं कॅलेंडर, गुंडाळलेलं. मला म्हणाली, "तुझ्याकडे नाही आले, पोरीकडे आलेय."

थोरलीने तीस वर्षं गोदामात काम केलं, आत काय आलं, बाहेर काय गेलं ते लिहायचं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे आहे, आणि समोर सायकलींची खोली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक चौकटीत मुंग्या. कोण आलं, किती वाजता, कुठली बाटली, किती वेळा. उजेडात निळी बाटली ओळखू येते, म्हणाली, आणि बाकीचं जिन्यात शिवणवालीला विचारलं. मास्तरीणबाई तीन किलो. शिवणवाली बरोबर होती.

नात विचारत होती, मोठी आजी, हे तू का लिहिलंस? आणि मला का नाही सांगितलंस?

तर थोरली खाली बघून म्हणाली, "मला वाटलं तूच हिला तिथे नेमलंयस. तुझी सख्खी आजी, तिला तू मास्तरीण केलंस आणि मला शिष्य. मी म्हटलं बघू तरी, कशी शिकवते. म्हणून लिहीत गेले." मग म्हणाली, "हसायच्या फार. ओट्यापाशी उभी राहून मी पण करायचे त्यांच्याबरोबर, पायाच्या बोटांवर."

दोन महिने तिला माझा मत्सर! मला असं गार वाटलं म्हणून सांगू. दुपारपर्यंत वाटलं.

दुपारी नात तिच्या गळ्यात पडली. किती वेळ. मी घड्याळ बघितलं नाही. चार मिनिटं.

२४ एप्रिल, रविवार.

नात रोज संध्याकाळी थोरलीकडे बसते, कॅलेंडरवरचं उतरवून घ्यायला. भिंतीतून हसणं ऐकू येतं. त्यात हसण्यासारखं काय आहे, तारखाच तर आहेत. मी बोलावल्याशिवाय जात नाही. काल गेले, वाटी परत द्यायला. परवा पण.

वजनाचा अभ्यास नवीन बायका घेऊन परत होणार. आम्हा सगळ्यांना त्यात बंदी. सायकलींच्या खोलीचं मात्र मॅडमना आवडलंय, हसल्या नाहीत पण आवडलंय, त्यावर नात वेगळं लिहितेय.

१५ मे, रविवार. संध्याकाळ.

नातीने तो लेख पुरा केला. इंग्रजी आहे, माझ्यासाठी काही ठिकाणी पेन्सिलने मराठी लिहून दिलं. शेवटी आभाराची एक ओळ असते. त्यात नोंदी ठेवल्याबद्दल थोरलीचं नाव आहे. एक ओळ. मी विचारलं, आणि मी? नात ओठ दाबून म्हणाली, "तुझ्यावर अख्खा परिच्छेद आहे, आजी."

अख्खा!

नऊ ओळी मोजल्या. दोनदा. त्यात "एक उत्साही सहभागी स्त्री" आहे, ती मी. परिच्छेदाला वर मथळा आहे, त्यावर पेन्सिलने लिहिलंय, "या अभ्यासातले दोष". तो भाग घडीत जाईल असा कागद दुमडला, सहजच, आणि शेजारी गेले. म्हटलं, जाऊबाई, तुमची एक ओळ आली, अभिनंदन. माझ्या नऊ आहेत.

तिने कागद घेतला. घडी उघडली. गोदामाची सवय, वरून खालपर्यंत वाचते. वाचलं. मग मी घातली होती तशीच घडी घालून कागद परत दिला आणि म्हणाली, "बस, चहा टाकते."

चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. जळतेय, दुसरं काय.